कळांच्या वेळी मन कुठे ठेवायचं?

मागच्या अंकात मी प्रसूतीतल्या वेदनाशमनाबद्दल लिहिलं होतं. संमोहनाचा उल्लेख त्यात जेमतेम दोन ओळींचा होता, पण आलेली बहुतेक पत्रं त्या दोन ओळींबद्दलचीच आहेत. मी भूलतज्ज्ञ आहे. लेबर रूममध्ये एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं कमरेतलं इंजेक्शन, देणं हे माझं रोजचं काम, आणि गरोदर बायकांना संमोहन व शिथिलीकरण शिकवणं हेही मी बरीच वर्षं करते आहे. या दोन कामांचं एकमेकांशी वैर आहे असं मला कधी वाटलं नाही. आजचं सदर त्या पत्रांसाठी.

प्रश्न : मला सातवा महिना लागलाय, पहिलीच वेळ आहे. थोरल्या बहिणीचं बाळंतपण फार त्रासाचं झालं. तिने ते सगळं सांगितल्यापासून माझी झोप उडाली आहे. एका वर्गाच्या जाहिरातीत ‘संमोहनाने वेदनारहित प्रसूती’ असं वाचलं. खरंच दुखत नाही का? आणि डॉक्टर, मला शुद्धच राहिली नाही, तोंडातून भलतंसलतं निघालं, तर काय करायचं?

उत्तर : तुमची दुसरी शंका आधी घेते. संमोहनात माणूस बेशुद्ध नसतो आणि झोपलेलाही नसतो. लक्ष एकाच ठिकाणी इतकं गोळा होतं की बाकीचं मागे पडतं. कादंबरीत गढून गेलेल्याला शेजारून मारलेली हाक ऐकू येत नाही, साधारण तसंच. तुम्हाला बोलता येईल, उठून चालता येईल, सिस्टरला ‘थांबा’ म्हणता येईल, नको वाटलं तर डोळे उघडून त्यातून बाहेरही येता येईल. मनात नसलेलं कुणी तुमच्याकडून वदवून घेऊ शकत नाही. शिवाय प्रसूतीच्या वेळी शिकवणारी व्यक्ती बहुधा जवळ नसतेच. ज्या त्या बाईने सरावाने स्वतःच स्वतःला त्या अवस्थेत न्यायचं असतं. दोरी तिच्याच हातात राहते.

आता पहिली शंका. वेदनारहित प्रसूतीची हमी देणाऱ्या वर्गाला जाऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते. डेन्मार्कमध्ये १,२२२ पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला तासातासाचे तीन वर्ग घेऊन स्वसंमोहन शिकवलं होतं. एपिड्युरल मागणाऱ्यांच्या प्रमाणात काही फरक पडला नाही, आणि वेदना किती झाल्या या प्रश्नाच्या उत्तरांतही नाही. ब्रिटनमध्ये ६८० जणींवर झालेल्या २०१५ च्या अभ्यासात संमोहन शिकलेल्या गटात २७.९ टक्के बायकांनी एपिड्युरल घेतलं आणि दुसऱ्या गटात ३०.३ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. अनेक अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या समीक्षेत असे नऊ अभ्यास, मिळून २,९५४ स्त्रिया, एकत्र तपासल्या गेल्या. संमोहन शिकलेल्यांना एकूण वेदनाशामक औषधं काहीशी कमी लागत असावीत, पण एपिड्युरलच्या बाबतीत फरक दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग मी हे शिकवते कशासाठी? कारण याच अभ्यासांत आणखीही काही सापडलं. डेन्मार्कच्या अभ्यासात संमोहन शिकलेल्या बायकांनी आपल्या प्रसूतीचा अनुभव इतर गटांपेक्षा चांगला सांगितला. ब्रिटनमधल्या बायकांना बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारलं, तेव्हा आधी धास्ती होती त्या मानाने प्रत्यक्षात भीती आणि चिंता कमी वाटली, असं संमोहनाच्या गटात जास्त दिसलं. कळा तेवढ्याच आल्या, पण त्या घाबरवून गेल्या नाहीत. तुमची झोप ज्याने उडवली आहे ती हीच भीती, म्हणून तुम्हाला यात अर्थ आहे.

मेंदूत काय होतं याचा एक सुंदर प्रयोग १९९७ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवला आणि संमोहनात कधी ‘हे फार त्रासदायक वाटतंय’, तर कधी ‘हे फारसं त्रासदायक नाही’ अशा सूचना दिल्या. पाणी तेवढंच गरम होतं. स्पर्श आणि वेदनेची नोंद घेणाऱ्या भागाचं काम जवळपास तसंच राहिलं, पण वेदना किती असह्य वाटते याच्याशी जोडलेल्या अँटिरियर सिंग्युलेट या भागाचं काम मात्र सूचनेप्रमाणे बदललं. दुखण्याची जाणीव आणि दुखण्याचा जाच या मेंदूतही काही प्रमाणात वेगळ्या गोष्टी आहेत. संमोहन पोचतं ते मुख्यतः दुसरीपर्यंत.

भीतीमुळे शरीर आवळतं, आवळल्यामुळे दुखणं वाढतं, आणि दुखणं वाढलं की भीती आणखी वाढते, हे चक्र ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञाने १९३३ मध्ये मांडलं. भीती नसेल तर नैसर्गिक प्रसूती दुखतच नाही इथपर्यंत ते गेले. ते मला मान्य नाही. गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडायचं आहे, बाळाचं डोकं कटीच्या हाडांमधून खाली सरकायचं आहे. दुखणारच. पण ते चक्र खरं आहे, मी रोज पाहते. घाबरलेली बाई भराभर आणि वरवर श्वास घेते, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि ‘मला काहीतरी होतंय’ या विचाराने ती अधिकच घाबरते. अ‍ॅड्रेनॅलिन फार वाढलं तर कळाही मंदावू शकतात. हे चक्र तोडायला शिकता येतं.

बहिणीला एक सांगा : तुझं ऐकायचं आहे, पण बाळ झाल्यावर. एवढं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : वर्गाला जाणं शक्य नाही. घरच्या घरी सराव कसा करायचा, सविस्तर सांगाल का?

उत्तर : साधारण बत्तिसाव्या आठवड्यापासून रोज पंधरा-वीस मिनिटं द्या. आधी सुरू केलंत तरी चालेल. एखादा दिवस चुकला म्हणून सोडून देऊ नका.

डाव्या कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या, किंवा टेकून बसा. शेवटच्या महिन्यांत पाठीवर उताणं बराच वेळ झोपू नये. गर्भाशयाच्या भाराखाली मोठी नीला दाबली जाते, चक्कर येते, आणि बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं.

सुरुवात स्नायूंपासून करा. ही रीत अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. मूठ पाचेक सेकंद घट्ट आवळा आणि सोडून द्या. आवळलेलं आणि सोडलेलं यातला फरक नीट अनुभवा, खरी शिकवण त्या फरकात आहे. मग खांदे, कपाळ, जबडा, मांड्या, पावलं. आठवडा-दोन आठवड्यांनी आवळण्याची गरज उरत नाही, नुसतं लक्ष नेलं की तो भाग सैल होतो. जबड्याकडे आणि पायाच्या बोटांकडे विशेष लक्ष द्या. लेबर रूममध्ये शिरल्यावर मी बाईच्या चेहऱ्याइतकीच तिच्या पायांच्या बोटांकडे बघते. चेहरा शांत ठेवता येतो, बोटं मात्र खरं सांगतात.

मग श्वास. चार आकडे मोजत आत, सहा ते आठ मोजत बाहेर. जोर लावू नका, श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब असावा इतकंच पाहा. गरगरलं तर आकडे विसरा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

आता दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मोजा, प्रत्येक आकड्याला एक पायरी खाली उतरताय अशी कल्पना करा. खाली पोचलात की तुमची जागा. ती तुम्हीच निवडायची. संमोहनाच्या तयार रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा समुद्रकिनारा असतो, आणि पाण्याची भीती असलेल्या बाईला त्याने काडीचाही आराम मिळत नाही. कुणासाठी ती आजीच्या खोलीतली खिडकी असेल, कुणासाठी दुपारचं रिकामं वाचनालय. तिथे काय दिसतं, कसला वास येतो, तळपायाला काय लागतं, हे रोज थोडं थोडं भरत जा.

तिथे असतानाच अंगठा आणि तर्जनी हलकेच जुळवा आणि लांब श्वास सोडा. रोज, न चुकता. काही आठवड्यांत शरीराला त्या खुणेची सवय लागते, आणि प्रसूतीच्या वेळी एवढं सगळं करायला उसंत नसताना ती खूण कामाला येते. ज्यांना कल्पना सहज जमते त्यांनी आणखी एक करून पाहावं : हात हळूहळू गार आणि बधिर होतोय असं कल्पावं आणि तो हात कमरेवर किंवा ओटीपोटावर ठेवून बधिरपणा तिथे उतरू द्यावा. काहींना हे आश्चर्य वाटावं इतकं जमतं, काहींना अजिबात नाही. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते. जमलं नाही तर श्वास आणि सैल स्नायू एवढ्यावरही खूप काही होतं.

बाहेर येताना एक ते पाच मोजा, हातपाय हलवा, सावकाश उठा.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणी टाळतात. हा सराव नेहमी शांत, अंधाऱ्या खोलीतच करू नका. लेबर रूममध्ये दिवे असतात, मॉनिटरचा आवाज असतो, शेजारची बाई ओरडत असते. म्हणून कधी उभ्याने, कधी चालताना, कधी घरात गडबड असताना करा. मी मॉनिटरचा आवाजच सरावात घ्यायला सांगते : ‘हा आवाज ऐकू आला की खांदे आणखी सैल.’ बर्फाचा तुकडा एक मिनिट मुठीत धरून बघा, एकदा नुसता आणि एकदा श्वासाबरोबर. कळेची सर त्याला नाही, पण नकोशा संवेदनेत आपण काय करतो हे कळतं. आवळून घेतो, श्वास रोखतो, की वाट देतो?

प्रत्यक्ष कळा नियमित आणि जोरात सुरू झाल्या की एक कळ साधारण मिनिटभर टिकते आणि मध्ये दोन-तीन मिनिटं मिळतात. त्या मधल्या वेळेसाठी मी सगळ्यात जास्त आग्रह धरते. पुष्कळ जणी तो पुढच्या कळेच्या धास्तीत घालवतात आणि थकून जातात. कळ ओसरली की खूण करा, जबडा सोडा, पूर्ण सैल व्हा. शेवटी शेवटी, गर्भाशयाचं तोंड उघडत आलेलं असताना, अंग थरथरतं, मळमळतं, ‘मला नाही जमणार, मला घरी जायचंय’ असं बाई म्हणते. तेव्हा जागा, पायऱ्या काही आठवत नाही. तेव्हा एकच : आत्ताचा हा एक श्वास. मग जोर लावायची वेळ येते, आणि तिथे काम करणाऱ्या शरीराला सैल पडायला सांगायचं नसतं. फक्त जबडा आणि खांदे मोकळे ठेवा.

प्रश्न : याचा बाळावर काही वाईट परिणाम होतो का?

उत्तर : यात कुठलंही औषध नाही, त्यामुळे वारेतून बाळापर्यंत जाण्यासारखं काही नाही. धोका एकच : संमोहनावर भिस्त ठेवून तपासण्या टाळणं. त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिते.

प्रश्न : बायको रोज सराव करते. मी सोबत असणार आहे, पण माझा उपयोग काय हेच कळत नाही. मी काय बोलू?

उत्तर : तुम्ही हे विचारलंत याचा मला फार आनंद झाला. तुमचा उपयोग खूप आहे. प्रसूतीत प्रत्येकीला तिच्या पसंतीची व्यक्ती सोबतीला असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शब्दांचं काय वजन असतं ते माझ्याच क्षेत्रातल्या एका अभ्यासावरून सांगते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिवस भरलेल्या १४० बायका होत्या. कमरेत एपिड्युरल किंवा स्पायनल (तिथेच दिली जाणारी दुसऱ्या प्रकारची भूल) देण्याआधी कातडी बधिर करायचं इंजेक्शन देतात. निम्म्या जणींना सांगितलं, ‘मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग.’ उरलेल्यांना सांगितलं, ‘ही जागा बधिर करतोय, म्हणजे पुढे तुम्हाला आरामात राहता येईल.’ इंजेक्शन तेच होतं. पहिल्या गटाने दहापैकी साधारण पाच वेदना सांगितली, दुसऱ्याने तीन. हा अभ्यास वाचल्यापासून मी रुग्णाच्या पाठीमागे उभी राहून बोलते तो प्रत्येक शब्द तोलून बोलते, आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांकडूनही तीच अपेक्षा ठेवते.

तेव्हा कळ चालू असताना प्रश्न विचारू नका. ‘खूप दुखतंय का गं?’ हे प्रेमाने विचारलेलं असतं, पण तिला ते लक्ष वेदनेकडेच वळवायला लावतं. ‘घाबरू नकोस’ हेही नको. त्याऐवजी थोडकं आणि सावकाश बोला : ‘श्वास सोड… खांदे खाली… ही ओसरतेय.’ कळ संपली की ‘ही गेली’ म्हणा, पाण्याचा घोट द्या, आणि गप्प राहा. तुमचा हात तिच्या खांद्यावर असेल तर तिच्या श्वास सोडण्याबरोबर तो जड होऊ द्या. हे घरी तिच्या सरावाच्या वेळी रोज करा, म्हणजे तुमचा आवाज आणि स्पर्शच तिच्यासाठी खूण होईल. पण त्या दिवशी तिला स्पर्श नकोसा झाला तर मनाला लावून न घेता हात काढा.

आणखी एक काम तुमच्याकडे. सिस्टर आणि डॉक्टरांसाठी चार ओळी लिहून फाइलला जोडा : ती संमोहनाचा सराव करते, शक्य असेल तेव्हा प्रश्न दोन कळांच्या मध्ये विचारावेत, तातडीचं नसेल तेव्हा आवाज आणि उजेड कमी ठेवावा. दाखल होतानाच नम्रपणे सांगा. बहुतेक सिस्टर समजून घेतात.

प्रश्न : ताई, मी तीन महिने मनापासून सराव केला. बारा तास कळा सोसल्या, मग एपिड्युरल मागितलं आणि शेवटी सिझेरियन झालं. वर्गात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘तुझा विश्वास कमी पडला.’ बाळ चार महिन्यांचं झालं, पण ते वाक्य मनातून जात नाही.

उत्तर : ते वाक्य चुकीचं होतं. त्यात नुसता कठोरपणा नाही, ते वस्तुस्थितीलाही सोडून आहे. बाळाचं डोकं कुठल्या बाजूला वळलेलं आहे, कटीचा आकार कसा आहे, बाळाचे ठोके काय सांगताहेत, हे कुणाच्याही विश्वासावर ठरत नाही. मघाशी सांगितलेल्या अभ्यासांत शेकडो बायकांनी मन लावून हेच शिकून एपिड्युरल घेतलं.

तुमचा सराव कुठे गेला ते मी सांगू शकते, कारण मी सुईच्या दुसऱ्या बाजूला असते. एपिड्युरल देताना बाईला पाठ बाहेर काढून, भर कळेतही न हलता बसावं लागतं. लांब श्वास सोडायला शिकलेली बाई तिथे किती स्थिर बसते, हे मी सतत पाहते. त्याने माझं काम सोपं आणि तिच्यासाठी सुरक्षित होतं. सिझेरियनच्या टेबलावर बाई जागी असते, थंडी वाजते, पोटात ओढल्यासारखं जाणवतं. तेव्हाही तोच श्वास आणि तीच जागा उपयोगी पडते. त्या दिवसाचं आठवून बघा, तुम्ही कुठेतरी नक्की ते वापरलं असेल. आणि बारा तास कळा काढणं ही लहान गोष्ट नाही.

चार महिन्यांनंतरही ते प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, झोप लागत नसेल, बाळाकडे बघून रडू कोसळत असेल, तर हे पत्रावर सोडू नका. प्रसूतीनंतरचं नैराश्य आणि प्रसूतीच्या आघाताचे परिणाम यांवर चांगले उपचार आहेत. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी या आठवड्यातच बोला.

प्रश्न : रेकॉर्डिंग लावून डोळे मिटले की मला शांत वाटण्याऐवजी धडधडायला लागतं. लहानपणी माझ्यासोबत एका नातलगाने जे केलं ते आठवतं. हे सगळ्यांना जमतं, मलाच का नाही?

उत्तर : तुमच्यात काही कमी नाही. असा अनुभव असलेल्यांना डोळे मिटणं, शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेणं, अनोळखी आवाजाने ‘आता सोडून दे’ म्हणणं, हे असुरक्षित वाटू शकतं. ते रेकॉर्डिंग आजच बंद करा. डोळे उघडे ठेवून करा : समोरची एखादी वस्तू, जमिनीला टेकलेली पावलं, आणि श्वास. आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना तपशील सांगायची गरज नाही. ‘प्रत्येक तपासणीआधी मला विचारा, मी थांबा म्हटलं की थांबा’ एवढं सांगितलं तरी पुरे, आणि ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ज्यांना सायकोसिससारखा, म्हणजे भास-भ्रम होणारा आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनीही आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय संमोहन करू नये.

प्रश्न : मी इतकी शांत राहिले की धोक्याचं काही मलाच कळलं नाही, असं होईल का?

उत्तर : संमोहन धोक्याची लक्षणं पुसून टाकत नाही, पण ती माहीत असायला हवीत. अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, पाणी हिरवट किंवा तपकिरी येणं, ताप, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमक, दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं किंवा दगडासारखं कडक राहणारं पोट. पाणमोट फुटल्यावर योनिमार्गात नाळ लागली तर ती सगळ्यात मोठी तातडी. यांपैकी काहीही असेल तर त्यावर श्वास घेत बसायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी नियमित कळा सुरू झाल्या तरी तसंच.

तुमच्या शंकेची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. शांत चेहऱ्याची बाई पाहून ‘हिला अजून वेळ आहे’ असा समज लेबर रूममध्ये होऊ शकतो. दाखल होताच सांगा : ‘मी शांत दिसले तरी कळा जोरात आहेत, कृपया तपासून बघा.’ कळा किती मिनिटांनी येतात आणि किती टिकतात हे सोबतच्या व्यक्तीने लिहून ठेवलं असेल तर ते दाखवा. खाली दाब जाणवला, जोर लावावासा वाटला, तर त्या क्षणी मोठ्याने सांगा, दुसऱ्यांदा सांगावं लागलं तरी सांगा. आणि स्वतः गाडी चालवताना संमोहनाचं रेकॉर्डिंग कधीही लावू नका, सरावाच्या दिवसांतही नाही.